कुझुमीचा शेवटचा बॅटर

१२ सप्टेंबर

आमच्या बेसबॉल क्लबचा चेंडू टाकणारा पिचर कुझुमी आणि त्याचे चेंडू झेलणारा कॅचर तोकिएदा, म्हणजे मी, दोघंही या मोसमाअखेर निवृत्त होणार. क्लबचे सरव्यवस्थापक ओमोरी यांनी आज दुपारी कानाझावात पत्रकारांसमोर तसं जाहीर केलं. आता बदलायला वाव नाही.

कुझुमीला पाऊण तास प्रश्न विचारत होते. पहिला विजय, खांद्याचं ऑपरेशन, सगळ्यात अवघड बॅटर कोण, पुढं काय. मला एकच प्रश्न आला, तोही टेबल आवरायला सुरुवात झाल्यावर. गुडघा कसा आहे? मी म्हटलं, हवामान सांगतो. सगळे हसले आणि संपलं.

मला वाईट वाटलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच दिवशी क्लबमध्ये आलो. नव्या खेळाडूंच्या निवडीत तो पहिला, मी शेवटचा. माझं नाव पुकारलं तेव्हा अर्धे लोक कोट घालत होते. अशा माणसाला एकोणीस वर्षं ठेवून घेतलं, यापेक्षा जास्त कुणाकडे काय मागायचं?

घरी आलो तर नात्सुएनं लाल तांदळाचा भात केला होता. शुभ दिवसाचा. मी म्हटलं, "नोकरी गेल्याचा सण असतो का?" ती म्हणाली, "अहो, नवरा घरी परत मिळाल्याचा असतो."

१७ सप्टेंबर

जूनपासून मी दुसऱ्या संघात आहे. इथं पोरं विशीतली आणि मैदानाला गवतापेक्षा माती जास्त. आज सराव संपताना कुझुमी स्वतः गाडी चालवत आला. कुंपणाला रेलून उभा राहिला आणि मला ओरडला, "तोकी, तू अजून तसाच बसतोस. दुकानाबाहेर ठेवलेल्या मातीच्या ढेरपोट्या रानकुत्र्याच्या बाहुल्यासारखा!"

"आणि तू चेंडू टाकतोस तेव्हा तो पोहोचेपर्यंत मला डुलकी लागते," मी म्हटलं.

बाकावर बसून चहा प्यायलो. तीन ऑक्टोबरला घरच्या मैदानावर शेवटचा सामना आहे, सेतोउची व्हेल्सशी. आम्ही पाचवे, ते चौथे, कुणालाच काही मिळवायचं नाही. कुझुमी सामन्याची सुरुवात करणार, एका बॅटरला चेंडू टाकणार आणि फुलं घेऊन उतरणार. निवृत्त होणाऱ्या पिचरसाठी हे असंच असतं. समोर त्यांचा बॅटर फुरुहाता असणार. तो तीनदा बॅट जोरात हवेत फिरवेल, बाद होईल आणि टोपी काढून वाकेल. सगळ्यांना माहीत असतं. तरी सगळे रडतात. मीही दरवेळी रडलोय.

"मी तुलाच टाकणार," कुझुमी म्हणाला. "मागं तू नसलास तर मी चेंडू टाकायच्या उंचवट्यावर चढणारच नाही."

मी विचारलं, मिनेगिशीचं काय? मिनेगिशी आमचा पहिल्या संघाचा कॅचर. सव्वीस वर्षांचा. या मोसमातला प्रत्येक सामना, प्रत्येक डाव, प्रत्येक चेंडू त्यानंच झेललाय. असा पूर्ण मोसम आमच्या क्लबमध्ये आजवर कुठल्याही कॅचरनं केलेला नाही. मी एका बॅटरपुरता जरी आत गेलो, तरी त्याचा विक्रम मोडणार.

कुझुमी बराच वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पिचरच्या डोक्यात दुसरं कुणी कधी येतं?"

"आणि कॅचरच्या डोक्यात स्वतः कधी येतो?" एवढं बोलून तो निघून गेला. चहाचा कप माझ्या हातात ठेवून.

१९ सप्टेंबर

संघ निवडणारे मॅनेजर ओगुरी यांचा फोन. "तोकिएदा, कुझुमी माझ्याकडे येऊन बसलाय. उठत नाही. तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, नको. पोरानं पाच महिने हाडं मोडून घेतलीत. गुडघ्यावर चेंडू खाल्ला, तापात खेळला. त्याचं काढून मला द्यायचं नाही.

"तुला नकोच आहे?"

"नकोय."

मॅनेजर म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं, पण माझ्याकडे विचारायची हिंमत नव्हती.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला हवंय. एवढं दुसरं काही हवं असल्याचं आठवत नाही. कुझुमीचा चेंडू ग्लव्हमध्ये बसतो तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. तो शेवटचा आवाज दुसऱ्याच्या ग्लव्हमधून येणार आणि मी तो वर, बसलेल्या लोकांतून ऐकणार. जेवताना नात्सुएला सांगितलं. ती म्हणाली, "मग हो म्हणा." मी कारण सांगितलं. तिनं लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मग गप जेवा."

२५ सप्टेंबर

आज सुट्टी. मिनेगिशी अचानक दारात. हातात पेअरची पेटी. असा न कळवता तो कधी येत नाही.

पाच मिनिटं हवा, पाच मिनिटं माझ्या मुलीची परीक्षा. मग म्हणाला, "तोकिएदासान, एक विचारू? तुम्ही अजून खाली बसू शकता का? म्हणजे पूर्ण. एका बॅटरपुरतं."

मी उठलो आणि बैठकीतच बसून दाखवलं. बसलो व्यवस्थित. उठताना टेबल धरावं लागलं आणि टेबल माझ्यासोबत आलं. नात्सुए आतून धावत आली. मिनेगिशीनं मला काखेत हात घालून उभं केलं.

"बसता येतं म्हणजे," तो म्हणाला. "उठायला माणूस लागतो एवढंच."

बिचारा घाबरलाय, हे मला तेव्हाच कळलं. कुझुमीच्या हट्टाची गोष्ट त्याच्या कानावर गेली असणार. मी त्याला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "माझ्याकडून तुझ्या विक्रमाला धोका नाही. मी मॅनेजरना नाही म्हणून सांगितलंय. तू निश्चिंत खेळ."

तो मान खाली घालून बसला. डोळे ओले झाले होते त्याचे. किती ओझं असेल पोराच्या मनावर! जाताना इतका वाकला की पायपुसण्याला कपाळ लागतंय असं वाटलं. मग दारातच नात्सुएशी काहीतरी कुजबुजला. पेअर कशी साठवायची ते सांगत होता, असं ती म्हणाली.

पेअर छान निघाली.

२८ सप्टेंबर

काय वेळ असते एकेकाची! मिनेगिशीचं पोट बिघडलं. काल रात्री बांगड्याची सुशी खाल्ली, शिळी निघाली. आज सामन्याच्या दोन तास आधी त्यानं मॅनेजरना सांगितलं, उभं राहता येत नाही. राखीव कॅचर खेळला. इतक्या महिन्यांचा अखंड विक्रम, शेवटचे चार सामने उरलेले असताना मोडला. तोही एका माशामुळे.

रेडिओवर ऐकलं तेव्हा मी सरावातून आलेलो, बूटही काढले नव्हते. तसाच जिन्यावर बसलो.

आणि मग ते झालं, ज्याची लाज वाटते. पहिली दोन मिनिटं मला फक्त मिनेगिशीचं वाईट वाटत होतं. तिसऱ्या मिनिटाला मनात आलं, आता माझ्यामुळे काही मोडणार नाही. म्हणजे मी त्या बांगड्याचे आभारच मानले. दुसऱ्याच्या पोटदुखीवर आनंद मानणारा माणूस मी कधीपासून झालो?

२९ सप्टेंबर

नात्सुएकडून तांदळाची पेज करून घेतली, आंबवलेला आलुबुखार टाकून, आणि मिनेगिशीच्या घरी गेलो. नात्सुए म्हणाली, "कशाला जाताय?" मी म्हटलं, आजाऱ्याला भेटू नये का? तर हसायला लागली. तिला हल्ली कधी हसायचं ते कळत नाही.

मिनेगिशीनं दार उघडलं. तोंडात घास. मागं टेबलावर मोठं ताट, काळपट करी, वर डुकराच्या मांसाचं जाड कटलेट आणि कोबीचा ढीग. मला पाहून तो आधी पांढरा पडला, मग लाल.

"बरं वाटतंय वाटतं," मी म्हटलं.

"हो. म्हणजे... अचानक."

तरुण पोटं लवकर सावरतात. मला या वयात तीन दिवस लागले असते. मी पेज टेबलावर ठेवली. त्यानं ती माझ्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, करीच्या ताटाकडे न बघता. प्रत्येक घोटाला "फार छान" म्हणत. संस्कार चांगले आहेत.

मी म्हटलं, "विक्रमाचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी कर."

"करीन," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलंत ना, कॅचरनं पुढचा चेंडू बघायचा." मी हे कधी शिकवलं ते आठवत नाही, पण बोलायला चांगलं आहे.

घरी पोचतो तोच मॅनेजरांचा फोन. तीन तारखेला पहिल्या संघात यायचं, सुरुवात मी करायची, एका बॅटरपुरती. मी विचारलं, मिनेगिशीला वाईट नाही ना वाटणार? मॅनेजर म्हणाले, "त्यानं बांगडा खाल्ला म्हणतो. मी पुढं काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस." विषय नाजूक आहे, खरंय.

फोन ठेवला आणि ग्लव्हला तेल लावायला बसलो. लावून झालं होतं, तरी परत लावलं.

१ ऑक्टोबर

पहिल्या संघासोबत सराव. कपडे बदलायच्या खोलीत दोन तरुण पिचर येऊन विचारतात, "तोकिएदासान, तुमचं वजन किती?" मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "मग आठ जण लागतील." दुसऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला. जिममधल्या कुठल्या यंत्राबद्दल बोलत असावेत.

नात्सुएनं निळा सूट इस्त्री करून आणलाय. ऑफिसातल्या कुणाचं लग्न आहे म्हणाली. कधी? मंगळवारी. तीन तारखेलाच, तेही संध्याकाळी. मंगळवारी लग्न कोण करतं? तर म्हणाली, "घाईत असलेले लोक." म्हणजे ती मैदानावर येणार नाही. एका बॅटरचा तर खेळ. पण थोडं लागलं.

२ ऑक्टोबर

कुझुमीशी भांडण. किती वर्षांनी!

सराव चांगला झाला. त्याचा सरळ चेंडू आता तरुण मुलींच्या संघातही कुणी टोलवेल, पण त्याचा बुडीचा चेंडू, जो सरळ येतोय असं दाखवून बॅटरजवळ अचानक खाली जातो, तो अजून बुडतो. त्या चेंडूवरच तर आम्ही दोघांनी घरं चालवली.

सराव संपल्यावर म्हणाला, "उद्या बुडी टाकायची."

मी म्हटलं, अजिबात नाही. अशा वेळी फक्त सरळ टाकायचे असतात. समोरचा मुद्दाम चुकवणार, त्याला आपण सोपं द्यायचं. तो त्याचा मान राखतो, आपण त्याचा.

"तेच नकोय मला," तो म्हणाला. "मला दान म्हणून बाद नको. माझा शेवटचा बॅटर खरा बाद व्हायला हवा. नाहीतर मग होम रन मारू दे."

"अरे, फुरुहाता प्रेमानं देतोय. पाच वर्षं तुझ्यासमोर धडपडलेला माणूस. त्याच्या हातातलं झिडकारायचं?"

"तुला सगळ्यांची काळजी. माझी कधी घेणार?"

"एकोणीस वर्षं दुसरं काय केलं रे गाढवा?"

आम्ही दोघं आपापल्या गाड्यांकडे गेलो. गाडीत बसल्यावर वाटलं, बरोबर मीच आहे. सिग्नलला थांबल्यावर वाटलं, बरोबर तोही आहे.

४ ऑक्टोबर

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आता शांतपणे लिहितो, जसं झालं तसं.

सामना सहाला. मैदान भरलेलं. मी गुडघ्याला पट्टी बांधून बाहेर आलो तर पहिल्या बेसमागच्या पहिल्या रांगेत निळा सूट. शेजारी मुलगी. तिच्या शेजारी तोत्तोरीहून आलेले माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे, संघाची टोपी उलटी घालून. मी नात्सुएकडे बघितलं. तिनं हात हलवला. लग्न रद्द झालं असणार.

कुझुमी उंचवट्यावर गेला. मी त्याच्याकडे चालत गेलो. आदल्या दिवशीचं भांडण दोघांच्याही तोंडावर होतं.

"सरळ," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही."

"तोकी, आधी बसून दाखव."

बसलो. फुरुहाता आला, शिरस्त्राण काढून आधी कुझुमीला, मग मला वाकला. हळूच म्हणाला, "खूप शिकलो तुमच्या दोघांकडून." मी म्हटलं, "माझ्याकडून काय शिकलास?" "मागून बडबड करून बॅटरचं डोकं कसं फिरवायचं ते." अंपायरही हसला.

पहिला चेंडू सरळ, वेग ताशी एकशे सव्वीस किलोमीटर. फुरुहातानं जिवाच्या आकांतानं बॅट फिरवली, चेंडूच्या वीतभर खालून. दुसरा सरळ, पुन्हा तसाच खालून. एवढ्या ताकदीनं चुकवणं सोपं नसतं. मनापासून करत होता. लोक उभे राहिले. माझ्या मास्कच्या आत सगळं धूसर होत होतं.

तिसऱ्यासाठी मी एक बोट दाखवलं. सरळ. कुझुमीनं मान हलवली. नाही.

पुन्हा एक बोट. पुन्हा नाही. लोकांत हशा पिकला. निवृत्तीच्या चेंडूला कुणी मान हलवतं का?

मी त्याच्याकडे बघत राहिलो. चाळिशीचा माणूस, खांद्यात तीन टाके, कानावरचे केस पांढरे. आणि चेहरा अगदी पहिल्या सरावातला. तेव्हाही असाच अडून बसला होता. त्याला शेवटचा चेंडू चुकला तरी चालणार होता. फुकटचा नको होता. मला वाटलं, फुरुहाताचा मान राखायला अजून पुष्कळ दिवस आहेत. याला द्यायला माझ्याकडे एवढा एकच चेंडू आहे.

मी दोन बोटं दाखवली. बुडी.

तो हसला. मग हात वर नेला.

चेंडू सरळ आला, सरळच दिसत होता. फुरुहातानं आधीसारखीच, प्रामाणिकपणे, वीतभर खालून बॅट फिरवली. आणि चेंडू शेवटच्या क्षणी बुडाला. नेमका वीतभर. चुकवायला निघालेल्या बॅटवरच येऊन बसला.

टक् असा आवाज झाला. चेंडू सरळ आभाळात.

"माफ करा!" फुरुहाता ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला बॅट लावल्याबद्दल माफी मागणारा माणूस मी पाहिला.

मी मास्क फेकला आणि धावलो. धावलो म्हणजे काय, गुडघा नको म्हणत होता आणि मी त्याला ओढत होतो. चेंडू दिव्यांत हरवला, परत सापडला, आमच्या डगआउटकडे निघाला. तो झेलला नाही तर फक्त फाउल. मग पुन्हा टाकायचं, फुरुहाता यावेळी नीट चुकवणार, आणि कुझुमीला तेच दान घ्यावं लागणार.

"या, अजून या! दोन पावलं! कठडा मी धरलाय, या!" मिनेगिशीचा आवाज. आत यायची तयारी म्हणून त्यानं सगळं चिलखत चढवलेलं होतं. तो कठड्याला चिकटून उभा होता. मी वर बघत शेवटचं पाऊल टाकलं, गुडघा गेला आणि मी कठड्यावरून आत कोसळायला लागलो. त्यानं दोन्ही हातांनी मला कमरेला धरलं. तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर लटकत मी ग्लव्ह उघडला.

चेंडू आत पडला. तो आवाज आला.

"बाद!" अंपायर ओरडला.

मला आठवतं ते एवढंच, की मिनेगिशी मला सोडतच नव्हता. कुझुमी उंचवट्यावरून धावत आला आणि म्हणाला, "खरा होता ना? सांग, खरा होता ना?"

"अगदी खरा," मी म्हटलं. "बिचारा चुकवत होता, तरी आपण बाद केला."

फुरुहाता फुलं घेऊन आला. चेहरा अपराध्यासारखा. कुझुमीनं त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "तुझे फार उपकार झाले." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो रडायला लागला. मग आम्ही दोघं उतरलो आणि मिनेगिशी माझ्या जागी गेला. सामना आम्ही सहा-एक हरलो.

नंतर दिवे मंद करून कुझुमीचं भाषण. मग पोरांनी त्याला हवेत उडवलं, पाचदा. मी टाळ्या वाजवत कडेला उभा होतो. ती वळून माझ्याकडे का यायला लागली ते मला कळेना. मी मागं बघितलं, माझ्या मागं कोण उभं आहे म्हणून. कुणी नव्हतं.

वर गेल्यावर मैदान उलटं दिसलं. वडील टोपी हलवत होते. खाली आलो की दर वेळी डोक्याखाली मिनेगिशीचे हात. आठ जण होते. कसे जमले बरोबर आठच, देव जाणे.

६ ऑक्टोबर

काल मुख्य रस्त्यामागच्या छोट्या खानावळीत निरोपाचं जेवण झालं. मी चारचौघांत बोलत नाही, पण काल उठलो. क्लबचे, मॅनेजरांचे, नात्सुएचे आभार मानले. शेवटी मिनेगिशीला म्हटलं, "तुझी वेळ वाईट होती म्हणून मला ही वेळ मिळाली. त्याचं मला कायम ओझं राहील." सगळे आपापल्या ताटात बघायला लागले.

तेवढ्यात बांगड्याची सुशी आली आणि मिनेगिशीनं बेधडक दोन तुकडे उचलले. मी ओरडलो, "अरे, परत? जेमतेम आठवडा झालाय!" त्याला ठसका लागला. कुझुमी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला, मॅनेजरांनी रुमाल तोंडाला लावला. या लोकांना दुसऱ्याच्या तब्येतीची काही पडलेली नाही. मी ती बशी उचलून दूर ठेवली. मिनेगिशी म्हणाला, "थँक्यू, तोकिएदासान," आणि इतक्या मायेनं म्हणाला की मलाच भरून आलं.

आज सकाळी ओमोरींनी बोलावलं. एक नोव्हेंबरपासून दुसऱ्या संघातल्या तरुण कॅचरना शिकवायचं काम आहे, मला हवं असेल तर. मी वाक्य पूर्ण होण्याआधी हो म्हटलं. त्याआधी गुडघ्याचं ऑपरेशन, गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, पण कॅचरसारखं बसणं आता विसरा.

हे कुझुमीला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी साई नदीच्या काठी ये. ग्लव्ह आण."

"अरे, आता ऐकलंस ना? बसता येणार नाही."

"बसायला कोण सांगतंय? उभ्यानं झेल. मी हळू टाकीन."

"तू नेहमीच हळू टाकतोस."

सात वाजता घ्यायला येतो म्हणालाय. म्हणजे साडेसात. नात्सुएनं कुझुमीलाही धरून चौघांचा तांदूळ भिजत घातलाय.